रविवारी न दुखणारं पोट

सबबी ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज होता. एकाच आजीच्या तेराव्याला वर्षात दोनदा जाऊन आलेला विद्यार्थी मीच पकडला होता. त्यामुळे २००४ साली आठवीतला एक शांत मुलगा आधी सोमवारी, मग सोमवार-मंगळवारी पोटदुखीमुळे गैरहजर राहू लागला, तेव्हा मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. त्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यात काही निघालं नव्हतं. मी तो माझ्या बाजूचा पुरावा मानला.

“रविवारी दुखतं का हो?”

“नाही बाई.”

“गणपतीच्या सुट्टीत?”

“नाही.”

मी पेनाला टोपण लावलं. गणित सुटलं होतं. त्याच्या वडिलांना निरोप दिला, “एकदा फाटकापर्यंत आणून सोडा, पुढचं मी बघते.”

वडिलांनी स्कूटरवरून आणलं. उतरायची वेळ आली तेव्हा मुलाने स्टेपनी घट्ट धरली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसते ओठ पांढरे पडलेले. मी आणि शिपाईमामांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांना किती जोर होता, ते माझ्या हाताला अजून आठवतं. जिन्यावर तो ओकला. मी त्याला चूळ भरायला लावली, वर्गात नेऊन बसवलं आणि चाळीस-पंचेचाळीस मुलांसमोर म्हणाले, “बघ, आलास ना? काही झालं का?” मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत ही हकिकत मी चहाबरोबर रंगवून सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्याने न्हाणीघराला आतून कडी लावून घेतली. तिथून पुढे साडेतीन महिने तो शाळेत आला नाही.

मग मला अपराधी वाटायला लागलं आणि मी दुसरी चूक केली. आईला सांगितलं, “बरं वाटेपर्यंत राहू दे घरी, वह्या मी पाठवते.” हे सांगताना आपण किती समजूतदार आहोत असं वाटलं, तेही कबूल करते. महापालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला न रागावता समजावलं. घरी राहिलं की भीती झटक्यात उतरते आणि त्या सुटकेचीच सवय लागते. घरातल्या एकेका दिवसाने शाळेचं फाटक वीतभर उंच होतं. ओढून आणणं आणि मोकळं सोडणं, ही दोन्ही टोकं मी एका सहामाहीत गाठली होती.

त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला. “रात्री दप्तर भरतो का?”

“रोज भरतो. दोनदा तपासतो.”

शाळा बुडवणारा मुलगा घरच्यांपासून लपवतो आणि बाहेर भटकतो. हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरात बसला होता आणि रोज रात्री उद्याची तयारी करत होता. ‘स्कूल फोबिया’ हा शब्द अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लेखनात १९४१ सालीच आला होता. माझ्या बी.एड.च्या पुस्तकांत तो नव्हता. पण दप्तराचा प्रश्न सुचायला पुस्तक कशाला हवं होतं?

आणखी एक गोष्ट मी पाहिली नव्हती. हजेरीपटाचे रकाने मोजले, वेळापत्रक उघडलं नाही. जूनमध्ये त्याला कावीळ झाली होती. तो परतला तोवर बीजगणित बरंच पुढे गेलं होतं आणि चुकलेल्याला फळ्यापाशी उभं ठेवायची माझी पद्धत होती. सोमवारी आणि मंगळवारी पहिला तास माझा होता. सगळं माझ्यामुळेच झालं असं म्हणत नाही. तो पुन्हा स्वतःला मोठं करण्याचाच प्रकार. पण पोटदुखीतला बराच वाटा माझा होता.

परतीचा रस्ता डॉक्टरांनी आखून दिला. शाळा सुटल्यावर आईबरोबर फाटकापर्यंत. मग ग्रंथालयात अर्धा तास. मग चित्रकलेचा एक तास. त्रास झाला तर पायरी तीच ठेवायची, पण घरी पळायचं नाही. ग्रंथपालबाई त्याला काहीही विचारत नसत, पुस्तकांना कव्हरं घालायला देत. दीड महिन्याने एका सोमवारी तो माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसला.

आणि मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.

त्याचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ग्रंथालयात. “बाईंना सांगा, टाळ्या नकोत,” एवढाच निरोप आला. तीन आठवडे मागे गेलो. हजेरी भरली नाही, त्याचं वर्ष गेलं. पुढे दहावीला तो सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसला आणि पास झाला. पेढे ग्रंथपालबाईंना मिळाले, मला नाही. हिशेब बरोबर होता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली. ‘बघ, काही झालं का?’ हे त्यात बसतं का, ते मी तपासून पाहिलं. बसतं.

निवृत्तीनंतर मी एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसू लागले. कोरोनामुळे बंद असलेले महाराष्ट्रातल्या शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, त्यानंतरच्या आठवड्यात एक आई आली. नववीतली मुलगी बाहेर रिक्षातच बसून होती. पोट दुखतं म्हणते, डॉक्टर म्हणतात काही नाही.

जुनी खोड. माझ्या तोंडून निघून गेलं, “रविवारी दुखतं का?”

“नाही,” त्यांनी मान खाली घातली. “नाटकं करते का हो ती?”

“नाही,” मी म्हटलं. “मग खरंच दुखत असणार.”

आणि खुर्ची उचलून रिक्षापाशी न्यायला शिपायाला हाक मारली.