पांढऱ्या पट्ट्यांवर हक्क कुणाचा?

लाल दिवा लागला की गाडी थांबवायची, एवढा नियम आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. पण थांबायचे नेमके कुठे, याचा विचार फार थोडे लोक करतात.

मी कारकून माणूस. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी हा प्रवास गेली २० वर्षे पायीच चालला आहे. वाटेत दोन मोठे चौक लागतात. लाल दिवा लागतो, गाड्या थांबतातही. पण थांबतात त्या बरोबर पांढऱ्या पट्ट्यांवर! मग शाळेची मुले, धुण्याभांड्याची कामे आटोपून परतणाऱ्या मावश्या, काठी टेकत निघालेले आजोबा, या सर्वांना पट्टे सोडून गाड्यांच्या पुढून, चौकाच्या मध्याकडून वाट काढावी लागते. तिथे तर आडव्या रस्त्याची वाहने सुसाट येत असतात. एखादी बस उभी असेल, तर तिच्या अगदी पुढ्यातले लहान मूल उंचावर बसलेल्या चालकाला दिसतही नाही.

एकदा एका तरुणाला मी म्हटले, "भाऊ, गाडी जरा मागे घ्या, आजींना जाऊ द्या." तो म्हणाला, "काका, मी सिग्नल कुठे तोडलाय?" तो उर्मट नव्हता. आपण कायदा पाळला, असे त्याला मनापासून वाटत होते. खरी अडचण इथेच आहे.

वाहन चालविण्यासंबंधी २०१७ साली केंद्र सरकारने केलेले नियम याबाबत स्पष्ट आहेत. लाल दिव्याला पट्ट्यांच्या अलीकडे आखलेल्या थांबारेषेमागेच थांबायचे. हिरवा दिवा असला तरी पुढे वाहने तुंबली असतील आणि आपली गाडी पट्ट्यांवर अडकणार असेल, तर पट्ट्यांवर शिरायचेच नाही. जिथे सिग्नल नाही, तिथे पट्ट्यांवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. त्याला दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. गाडी चार फूट पुढे घेऊन चालकाच्या जमेला काय पडते? एक-दोन क्षण. पायी चालणाऱ्याच्या नावे मात्र जीवाची जोखीम पडते. एवढ्या रुंद रस्त्यात त्याच्या वाट्याला आलेली हीच काय ती हक्काची पट्टी. तीही आपण अडवायची का?

पायी चालणाऱ्यांनीही आपला दिवा लागेपर्यंत थांबले पाहिजे, हे खरेच. परंतु ज्याच्या हाती इंजिन आहे, त्याची जबाबदारी अधिक मोठी.

आता आपल्या वस्तीतही घरोघरी दुचाकी आल्या आहेत. कुणी रिक्षा चालवितो, कुणी टेम्पो. माझी सर्वांना एवढीच विनंती आहे, की रेषेच्या मागे थांबा. मागचा भोंगा वाजवील, वाजवू द्या. तुमच्या पाठीमागे बसलेले तुमचे मूल सारे पाहत असते. ते पुढे गाडी कशी चालवील, हे आजच ठरत असते.