व्हिक्सबर्गच्या मातीतली बिऱ्हाडं

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, नदीकाठच्या उंच टेकड्यांवर व्हिक्सबर्ग नावाचं एक टुमदार गाव आहे. इथल्या वेढ्याची हकीगत इतिहासाच्या पुस्तकांतून जनरल ग्रँट आणि जनरल पेम्बर्टन यांच्या नावाने सांगतात. मला विचाराल, तर ती तिथल्या चुलींपाशी बसूनच ऐकावी.

यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने उभ्या असलेल्या या राज्याचा व्हिक्सबर्ग म्हणजे नदीवरचा मोठा नाका. तो हाती आल्याशिवाय उत्तरेला मिसिसिपीवरून मोकळेपणाने जाता येईना. १८६३ च्या मे महिन्यात १९ आणि २२ तारखेला ग्रँटने हल्ले केले, ते फसले. मग त्याने गावाला वेढाच घातला. जमिनीवरून तोफा, नदीतून गनबोटींचे गोळे. अशा वेळी लेकुरवाळ्या बाईने जायचं कुठे?

लोक चक्क टेकडीच्या पोटात राहायला गेले! इथली माती पिवळसर, कापायला मऊ, पण कापल्यावर भिंतीसारखी उभी राहणारी. तिच्यात पाचशेच्या वर गुहा खणल्या गेल्या. आत सतरंज्या अंथरल्या, बाजा नेल्या, मेणबत्तीसाठी भिंतीत कोनाडे कोरले. स्वयंपाक मात्र तोंडाशी, उघड्यावर. आत धूर कोंडायचा ना!

आणि शिजवायचं तरी काय? गव्हाचं पीठ संपलं, तेव्हा सैनिकांसाठी चवळी दळून, त्यात मक्याचं पीठ घालून पाव करू लागले. तो वरून दगड आणि आतून कच्चाच राही. चवळी उशिरा शिजते हे आपल्यातल्या कोणीही सांगितलं असतं, पण लष्करी कोठीत विचारतंय कोण? शेवटी खेचराच्या मांसापर्यंत पाळी आली. वर्तमानपत्राचा कागद संपला, तर भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर अंक छापला.

मेरी लॉबरो नावाची बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन अशाच गुहेत राहिली. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, तिने त्यावर पुस्तक लिहिलं. मुलगी आजारी पडली, घरात काही नाही. एका सैनिकाने तिला खेळायला एक पाखरू आणून दिलं होतं. त्याचंच सूप करून मुलीला पाजावं लागलं. हे वाचताना माझ्या घशाखाली चहा उतरेना.

पण त्या गुहा खणल्या कोणी, हे विचारल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. काळ्या गुलामांनी. एका गुहेचे तीस ते पन्नास डॉलर पडत. १८६० च्या शिरगणतीत मिसिसिपी राज्याची वस्ती आठ लाखांच्या थोडी आत, आणि त्यातले चार लाख छत्तीस हजारांहून अधिक लोक गुलाम! मेरीच्या दुःखाने डोळे भरतात खरे, पण त्या पाखराचं सूप करणारी बाईही गुलामच होती. तिचे ते दिवस कसे गेले, ते सांगणारं पुस्तक मला कुठे मिळालं नाही.

४ जुलैला पेम्बर्टन शरण आला. सुमारे साडेएकोणतीस हजार सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. आज त्या रणभूमीवर हिरवंगार उद्यान आहे. इलिनॉय राज्याच्या स्मारकाला ४७ पायऱ्या आहेत, वेढ्याच्या दिवसागणिक एक. जवळच उत्तरेच्या सतरा हजार सैनिकांची दफनभूमी. त्यातल्या सुमारे तेरा हजार जणांची नावंच माहीत नाहीत, नुसते दगड. काळ्या सैनिकांचं स्मारक उभं राहिलं ते २००४ मध्ये. केवढा उशीर!

संध्याकाळी मिसिसिपी पाहावी म्हणून गावाखालच्या काठावर उतरावं, तर समोर वाहते ती मिसिसिपी नव्हेच. १८७६ मध्ये नदीने पात्र बदललं आणि ती गावाला सोडून लांबून वाहू लागली. हे पाणी याझू नदीचं, १९०३ मध्ये कालवा काढून वळवलेलं.