पगार किती गं तुला?

आमच्या घरी वर्षातून आठ वेळा दुपारी अडीच वाजता कुणी बोलायचं नसतं. दोन वाजता फेडरल रिझर्व्हचा व्याजदर जाहीर होतो, अडीचला फेडचे अध्यक्ष (२०२५ मध्ये जेरोम पॉवेल) पत्रकारांसमोर येतात आणि आमचे अहो ते भारत-पाकिस्तान सामना असल्यासारखं बघतात.

मला त्यात रस नव्हता, पण परिणाम घरातच दिसला. मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये फेडने अकरा वेळा दर वाढवला. जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. आमचं २०२१ मध्ये रिफायनान्स केलेलं गृहकर्ज तीन टक्क्यांच्या आसपास. ऑक्टोबर २०२३ मध्ये भाची एडिसनला घर बघत होती, तिला पावणेआठ सांगितले. तिने घराचा विचारच सोडला. महागाई नऊ टक्क्यांवरून तीनच्या घरात आली. सगळं श्रेय फेडचं नाही, माल वेळेवर पोहोचू लागला हेही खरं. पण दोन टक्क्यांचं लक्ष्य ठरलेलं आहे आणि दर सहा-सात आठवड्यांनी जाब द्यावा लागतो.

समान कामाला समान वेतन हा कायदा इथे १९६३ साली झाला. तेव्हा पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या डॉलरमागे एकोणसाठ सेंट मिळत, आज ऐंशीच्या थोडं वर. बासष्ट वर्षांत एवढंच! यात कामाच्या प्रकाराचा, मुलांसाठी घेतलेल्या खंडाचाही वाटा आहे. पण आपला पगार कमी आहे हे बाईला कळणार कसं? अलाबामातल्या टायरच्या कारखान्यात लिली लेडबेटर एकोणीस वर्षं राबल्या आणि निवृत्तीच्या तोंडावर कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा त्यांना कळलं. २००७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तक्रारीला उशीर झाला. त्यांच्या नावाचा कायदा २००९ मध्ये आला, त्यांना मात्र एक पैसाही मिळाला नाही.

सांगलीची माझी मावशी फोनवर पहिल्या मिनिटाला विचारते, "पगार किती गं तुला?" इथे हा प्रश्न असभ्य. पगाराबद्दल आपसात बोलायचा हक्क बहुतेक खासगी नोकरदारांना १९३५ पासून आहे, तरी कॉफीच्या मशीनपाशी कुणी आकडा उच्चारत नाही. मला वाटतं, मावशीचा आगाऊपणा हेच खरं औषध.

मी एच-४ वर आले ती २००६ साली. नऊ वर्षं कामाची परवानगी नव्हती. मे २०१५ मध्ये आमच्यापैकी काहीजणींना ती मिळाली आणि मी न्यू जर्सीतल्या एका कंपनीत लागले. मुलाखतीत विचारलं, "आधीचा पगार?" आधीचा पगार नव्हताच, म्हणून देतील तो घेतला आणि पुढची प्रत्येक वाढ त्या आकड्यावर टक्क्यांनी होत गेली. (हा प्रश्न विचारायला न्यू जर्सीत २०२० पासून बंदी आहे. मला पाच वर्षं उशिरा!) २०२२ च्या अखेरीस वाढ मागितली, तर साहेब म्हणाले, "व्याजदर बघताय ना? भरती थांबलीय, ही वेळ नाही." म्हणजे पॉवेलसाहेबांचा दर माझ्या टेबलापर्यंत पोहोचला होता. १९६३ चा कायदा अजून वाटेतच होता.

२०२५ च्या १ जूनपासून न्यू जर्सीत नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा छापणं सक्तीचं झालं. जुलैमध्ये आमच्याच विभागात माझ्याच हुद्द्याची जागा निघाली. जाहिरातीतला खालचा आकडा माझ्या पगारापेक्षा अकरा हजारांनी जास्त होता.

मी जाहिरात छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. काही बोलले नाही. सप्टेंबरपासून पगार त्या खालच्या आकड्यावर आला. मागच्या वर्षांबद्दल कुणी शब्द काढला नाही. राज्याच्या २०१८ च्या कायद्यात सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते, पण तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला जास्त मिळत होतं हे दाखवावं लागेल. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला परवा विचारलं. तो गोरामोरा झाला, मग हळूच आकडा सांगितला. २०१९ पासूनच्या पगारपत्रकांची फाईल काढून ठेवली आहे. फराळ उरकला की वकिलाची वेळ घेतली आहे, बुधवारी अडीचची. अहो म्हणतात, त्याच दिवशी फेडची बैठक आहे.