अहमदपूरच्या वाटेवर

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर अहमदपूर हे तालुक्याचे गाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, त्यात हा तालुका आला. दोन्ही बाजूंस काळी जमीन आणि मधून मधून बोरीबाभळी, हीच या वाटेची शोभा.

गेल्या माघात आम्ही सहकुटुंब या वाटेने एस. टी.ने जात होतो. चाकूरला एक वृद्ध शेतकरीण चढली आणि बसताक्षणीच तिने ओंजळभर बोरे आमच्या पुतण्यापुढे धरली. ‘घे की लेकरा.’ मुलाचा हात पुढे झाला. वहिनींनी तो हळूच मागे घेतला.

वहिनींचे हे वागणे कोणास अनुदार वाटेल; पण त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. परक्याच्या हातचे खाऊ नये, असे आजही रेल्वे प्रवाशांस बजावते. निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलर याने १८३९ साली ठगांवर कादंबरी लिहिली. त्या ठगांचे पहिले शस्त्र फास नव्हे, गोड सोबत हे होते. आपल्या धर्मशास्त्रानेही अतिथीस देव मानले खरे, पण प्रतिग्रहाविषयी ब्राह्मणास सावधच केले आहे. कारण घेणारा बांधला जातो. जर्मन भाषेत तर ‘गिफ्ट’ या शब्दाचा अर्थच विष असा आहे!

आमच्या मते, मनुष्य भितो तो देणगीस नव्हे, तर तिच्या न सांगितलेल्या किमतीस. दुकानदार दाम सांगतो, म्हणून त्याच्याकडून घेताना मन निश्चिंत असते. परका फुकट देतो, तेव्हा किंमत आपणच कल्पितो, आणि कल्पनेतली किंमत नेहमीच भारी असते.

म्हातारी रागावली नाही. तिने त्यांतलेच एक बोर स्वतः खाल्ले, आपले गाव सांगितले, लेक अहमदपुरास दिली आहे, नातवासाठी ही बोरे नेत आहे, असे सांगितले. मग विचारले, ‘तुमी कुठले म्हनायचे?’ वहिनींनी गाव सांगितले आणि डब्यातला तिळाचा लाडू काढून तिच्या हाती ठेवला. तिने तो नातवासाठी पदरात बांधला. मग बोरे मुलाच्या ओंजळीत गेली.

याच जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. दूरदूरचे लोक अन्न, कपडे घेऊन धावले. त्या वेळी ‘का देता?’ असे विचारण्याची गरज नव्हती. कारण डोळ्यांपुढे होते. एरवी मात्र ते शब्दांनी सांगावे लागते.

म्हणून आमचे गृहिणींस व मुलांस एवढेच सांगणे की, सावधपणा सोडू नये. पण त्यास कठोरपणाही येऊ देऊ नये. परक्यास काही द्यावयाचे झाल्यास आधी आपले नावगाव सांगावे, आणि त्याने उलट काही देऊ केले तर संकोच न करता घ्यावे. परतफेडीची वाट मोकळी ठेवणे हाही दानाचाच एक भाग आहे.