उजवीकडे तीन, शंभर, डावीकडे पाच

"खरा ड्रायव्हर काहीही चालवतो" असं रेसिंगच्या गप्पांमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. पुरावा म्हणून लगेच जॉन सर्टीसचं नाव येतं. मोटरसायकलची सात विश्वविजेतेपदं, आणि मग १९६४ मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचं. दोन चाकांवर आणि चार चाकांवरही जगज्जेता झालेला एकमेव माणूस. मान्य. पण मंडळी, त्या 'एकमेव' शब्दाकडे जरा बघा ना!

मला जास्त रस आहे तो किमी रायकोनेनमध्ये. २००७ चा फॉर्म्युला वन विजेता, तोही एका गुणाने. २००९ नंतर फेरारी सोडून गडी दोन वर्षं जागतिक रॅली स्पर्धेत गेला. हातात सित्रोएनची गाडी, शेजारी काय लिंडस्ट्रॉम.

हे 'शेजारी' फार महत्त्वाचं. मोनॅकोचा ट्रॅक ३.३३७ किलोमीटरचा, शर्यत ७८ फेऱ्यांची. म्हणजे वळणं पाठ असतात, प्रश्न फक्त सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. रॅलीत तोच रस्ता आधी जेमतेम दोनदा बघायला मिळतो, तोही सावकाश. तेवढ्यात प्रत्येक वळणाची नोंद करायची. मग शर्यतीत को-ड्रायव्हर ती वाचत जातो : उजवीकडे तीन, शंभर, डावीकडे पाच. तीन आणि पाच म्हणजे वळण किती तीव्र, शंभर म्हणजे मध्ये तेवढे मीटर सरळ. टेकाडापलीकडचं काही दिसत नाही, फक्त ऐकलेलं असतं. आणि तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही! नोंद चुकली तर समोर झाड.

म्हणजे रिफ्लेक्सेस तेच, गाडीवरचा ताबा तोच, पण जगातल्या सर्वात अबोल ड्रायव्हरला दुसऱ्याच्या आवाजावर जीव टाकायला शिकायचं होतं. (आमच्याकडे दहा वर्षं एकट्याने कोड लिहिलेल्या माणसाला टीममध्ये टाकलं की काय होतं, ते आठवा. इथे निदान झाड नसतं.) २०१० मध्ये तुर्कस्तानात पाचवा, ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. जर्मनीत एक स्टेज जिंकला, तोही ट्रियर शहरातल्या रस्त्यांवरचा. माझ्या मते हे अपयश नव्हेच. तिशीत, जगज्जेता असताना, परत पहिलीत जाऊन बसायला हिंमत लागते.

२०१२ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये परतला आणि अबू धाबीला जिंकला. त्या शर्यतीत रेडिओवर इंजिनियर सूचना द्यायला लागला, तर हा म्हणाला, मला एकटं सोडा, काय करायचं ते मला माहीत आहे. लिंडस्ट्रॉमने ते ऐकलं असेल तर तो नक्की हसला असेल.

पण या अदलाबदलीची किंमत कधी कधी भलतीच असते. फेब्रुवारी २०११ मध्ये रॉबर्ट कुबिका व्हॅलेन्सियाच्या फॉर्म्युला वन चाचणीत सर्वात वेगवान होता. तीनच दिवसांनी इटलीतल्या एका छोट्या रॅलीत रस्त्याकडेचं लोखंडी रेलिंग गाडीत घुसलं. उजवा हात जेमतेम वाचला, पण पूर्वीसारखा कधीच झाला नाही. बरा झाल्यावर साहेब पहिल्यांदा कुठे गेले? परत रॅलीत! २०१३ मध्ये तिथल्या दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद. २०१९ मध्ये विल्यम्समधून फॉर्म्युला वन, वर्षभरात एक गुण. आणि २०२५ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत संपली, तेव्हा विजेत्या पिवळ्या फेरारीच्या स्टिअरिंगवर कुबिकाच होता.