एलची मारायचा नसतो

पुण्यात शिकायला गेलेली आमच्या नेवाशाची मुलं मुठा नदीवरच्या म्हात्रे पुलावरून नेहमी जातात. हे म्हात्रे कोण, असं विचारलं की बहुतेक जण कुणी जुने पुढारी असावेत म्हणतात.

रवींद्र म्हात्रे हे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयातले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते घरी निघाले. बसमधून उतरल्यावर त्यांना पळवण्यात आलं. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' नावाच्या गटाने दहा लाख पौंड आणि तिहारमधल्या मकबूल भट यांची सुटका मागितली. मुदत जेमतेम एका दिवसाची. दोन-तीन दिवसांत म्हात्रे यांचा मृतदेहच सापडला.

अशा वेळी सरकार कात्रीत सापडतं. मागणी मान्य करावी, तर जगभरातल्या वकिलातींमधला प्रत्येक माणूस सावज ठरतो. साफ नाकारावी, तर हातचा माणूस जातो. मग उरतं ते वेळ काढणं : बोलणी चालू ठेवायची आणि तोवर तिथल्या पोलिसांनी शोध घ्यायचा. इथे तो वेळच मिळाला नाही. म्हणून खरी तयारी संकटाच्या आधीची. धोका दिसताच माणसं हलवावी लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरल्यावर भारताने राजदूतासह सगळ्या भारतीय कर्मचाऱ्यांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं, ते असंच.

एलचीचं रक्षण ही यजमान देशाकडची अमानत असते. १९६१चा व्हिएन्ना करार हेच सांगतो, पण ही रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. रामायणात बिभीषण रावणाला दूताला मारू नकोस म्हणून अडवतो. स्वतःला पैगंबर म्हणवणाऱ्या मुसैलिमाचे दूत हजरत मुहम्मद (स.) यांच्यासमोर नको ते बोलले, तरी दूतांना मारत नाहीत म्हणून सुखरूप परत गेले. आपल्यातल्या तरुणांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. काश्मीरबद्दल कुणाचं मत काहीही असो, मजहबचं नाव घेऊन एलचीवर हात टाकणाऱ्याला सुन्नतचा आधार मिळत नाही.

आणि पदरात तरी काय पडलं? ११ फेब्रुवारीला भट यांना फाशी झाली. ज्यांना सोडवण्यासाठी म्हात्र्यांचा जीव घेतला, त्यांचा शेवट त्या खुनानेच जवळ आणला, असं मला वाटतं. एका मुलीचा बाप गेला, तो वेगळाच.