लाकडावरचा मधला थर

लाकडी फर्निचरवरचा ग्लेझ म्हणजे सीलर मारून बंद केलेल्या लाकडावर लावलेला आणि लगेच बराचसा पुसून काढलेला पातळ, पारदर्शक रंग. पुसल्यावर तो नक्षीच्या खाचांत आणि खोबणींत उरतो, त्यामुळे कोरीवकाम उठून दिसते. कोऱ्या लाकडावर तोच रंग लावला तर लाकूड तो कमीजास्त पिते आणि पडलेले डाग घासूनही जात नाहीत.

अस्तर, रंग आणि वर रक्षक थर हा क्रम कोकणाला नवा नाही. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीच्या चितारी कामात तो पिढ्यानपिढ्या चालत आला. गंजिफा या हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या पानांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो: चिंचोक्याची खळ, खडूचे अस्तर, चित्र आणि त्यावर लाख. ही कला विझू लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ज्येष्ठ कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. पाट, चौरंग, खुर्च्यांवरही त्या शैलीतली चित्रे आली. कोकणच्या हस्तकलेवर यापेक्षा मोठे उपकार क्वचितच कुणी केले असतील.

कातकामात लाख वेगळ्या रीतीने चढते. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर बसते. सपाट कपाटाला ही रीत चालत नाही. तिथे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात द्यावे लागतात.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात हे काम हमखास दगा देते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि पॉलिश दुधासारखे पांढरे होते. ब्रह्मदेशी लाखकामाचे नेमके उलट आहे. तिथे लाख किड्यापासून नव्हे, झाडाच्या चिकापासून येते आणि दमट हवेतच नीट कडक होते. आपल्या लाखेला मात्र कोरडी हवा हवी. म्हणून पॉलिशचे काम दिवाळीनंतर काढणे उत्तम.

कोरीव दारावर ग्लेझ देताना आधी बारीक पॉलिश पेपरने लाकूड घासून, धूळ झटकून सीलर मारावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ग्लेझ ब्रशने खाचांत भरावा, ओला असतानाच सुती फडक्याने उंचवट्यांवरून पुसावा, मग कोरड्या ब्रशने कडा विरवाव्यात. एका वेळी एकच दार घ्यावे. रंग ओढू लागला की पुसल्याच्या रेघा उमटतात. दाराची मागची बाजू कोरी ठेवण्याची काटकसर महागात पडते. बंद बाजू ओल कमी घेते, कोरी जास्त, आणि दार वाकते.

वरचा हात जागा पाहून ठरवावा. देव्हाऱ्याला लाख शोभते. स्वयंपाकघरात ती नको, कारण गरम भांड्याने ती मऊ पडते आणि पाण्याने पांढरे डाग धरते; तिथे पीयू (पॉलियुरेथेन) बरा. मात्र पीयूखाली सीलर म्हणून लाख वापरायची असेल, तर मेण काढलेलीच घ्यावी. मेण राहिले की वरचा थर धरत नाही आणि पापुद्रे सुटतात.